सिंगापुरात अडकलेला बर्फगाडीचा क्लच

खरं सांगू, मित्रांनो? हे मी लिहिणारच नव्हतो. सुरुवात केली आणि सोडून दिली. म्हटलं, क्लचचं कोण ऐकणार? गाडी म्हटलं की लोकांना हॉर्न आठवतो, चाकं आठवतात. क्लच म्हणजे झाकणाखालचा जीव. बिघडला तरच त्याचं नाव निघतं, तेही शिवीसकट.

पण अडकून पडणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून सांगतोच.

मी एका जुन्या स्नोमोबाइलचा क्लच आहे. स्नोमोबाइल म्हणजे बर्फावर चालणारी गाडी. पुढे चाकांऐवजी दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा. स्कूटरवर बसतात तसं बसायचं. गिअर नाहीत. सगळा कारभार माझ्याकडे.

माझं काम सोपं आहे, नीट ऐका. मी म्हणजे दोन तिरक्या तबकड्या. मध्ये एक स्प्रिंग, पोटात छोटी छोटी वजनं. इंजिन हळू फिरत असतं तेव्हा स्प्रिंग तबकड्यांना लांब ठेवते. इंजिन जोरात फिरलं की वजनं बाहेर झेपावतात, स्प्रिंगला दाबतात, तबकड्या जवळ येतात आणि बेल्टला चिमटीत धरतात. बेल्ट फिरला की मागचा पट्टा फिरतो आणि गाडी निघते. आता स्प्रिंग कडक असली तर मी उशिरा धरतो, पण एकदम झटक्यात धरतो. मऊ असली तर लवकर धरतो आणि अलगद. बस, एवढंच. पुढची सगळी भानगड या एका स्प्रिंगची आहे.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतलं आणि मी झालो. तरुणपणी एका स्कीच्या मैदानावर होतो. तिथला बर्फ रोज मशीनने दाबून फरशीसारखा करायचे. अशा बर्फावर झटका चालतो. उलट लोकांना आवडतो. गाडी उसळली की पोरं टाळ्या वाजवायची. मला वाटायचं, आपण हीरो.

मग नव्या गाड्या आल्या. जुनी गाडी गिर्यारोहकांच्या एका मंडळाने विकत घेतली आणि पुढे हिमाचलमधल्या एका खोऱ्यातल्या दवाखान्याला देऊन टाकली. तिथे निशिकांत नावाचा डॉक्टर आहे. पुण्याच्या धनकवडीचा. मराठी मी त्याच्याकडूनच शिकलो. आधी शिव्या, मग बाकीचं.

त्या खोऱ्याचा रस्ता हिवाळ्यात बंद होतो. आत असलेला आत, बाहेर असलेला बाहेर. दवाखान्यात निभणार नाही असा पेशंट असला की त्याला एका चढावरून पलीकडे हेलिपॅडवर न्यायचं. मागे घसरगाडी बांधायची, त्यावर पेशंट.

गेल्या हिवाळ्यात एका बाईला कळा सुरू झाल्या. बाळ आडवं होतं. नवा बर्फ पडलेला, कंबरभर, पिठासारखा मऊ. चढाच्या पायथ्याशी निशिकांतने गाडी घेतली, मी माझ्या सवयीने बेल्ट झटक्यात पकडला आणि पट्ट्याने पुढे जायच्या ऐवजी खालीच उकरायला घेतलं. गाडी सीटपर्यंत खड्ड्यात. पुन्हा प्रयत्न, पुन्हा झटका, आणखी खोल. बाई कण्हत होती. शेवटी गावातल्या माणसांनी तिला खाटेवर घेतलं. त्यातला एक जण घाम पुसत म्हणाला, "डॉक्टरसाब, मरीज़ उठाएँ या गाड़ी?"

बाळ-बाळंतीण वाचली. निशिकांतला मात्र ते वाक्य लागलं.

त्याने पुण्याच्या मित्राला फोन लावला. रुचिरला. रुचिर सिंगापूरला तुआसमध्ये, जहाजांचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. पण निशिकांतच्या लेखी तो अजूनही धनकवडीचा स्कूटर-डॉक्टर. कुठल्या कोर्सला न जाता, स्कूटर उघडून उघडून शिकलेला.

"रुच्या, बुडते रे गाडी. ओढतच नाही."

"ओढत नाही म्हणजे पिकअप नाही. क्लच काढ आणि पाठव इकडे."

झालं. निदान फोनवरच झालं.

निशिकांतची बहीण वल्लरी सिंगापूरला बँकेत आहे. ती उन्हाळ्यात भावाला भेटायला आली होती. परत जाताना तिने मला साडीच्या घडीत गुंडाळून बॅगेत घातलं. बेल्टही सोबत होता. विमानाच्या पोटात आम्ही दोघं शेजारी शेजारी.

आणि मग तो उकाडा! सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधल्या एका जुन्या इमारतीत रुचिर भाड्याने खोली घेऊन राहतो. त्या खोलीतल्या कपाटात, कुकर आणि इस्त्रीच्या मध्ये त्याने मला ठेवलं. हवा कशी? ओल्या फडक्यासारखी. माझ्या बोल्टांवर तांबूस ठिपके यायला लागले. खिडकीबाहेरून MRT, म्हणजे तिथली मेट्रो, जायची, कपाट हलकेच थरथरायचं, आणि मला दर वेळी वाटायचं, इंजिन सुरू झालं! कुठलं इंजिन? बर्फाच्या गाडीचा मी, आणि माझ्या आजूबाजूला बर्फ फक्त फ्रीजमध्ये.

रुचिर माझ्यावर जीव टाकायचा, हे मी मान्य करतो. ठिपके दिसले की लगेच पुसायचा. माझ्याबद्दल मिळेल ते वाचायचा. वरच्या विरळ हवेत इंजिनाचा दम कमी पडतो म्हणून त्याने माझी वजनं हलकी केली. ते अगदी बरोबर होतं. मी खूश झालो. मग त्याने स्प्रिंगा मागवल्या. एक कडक. दुसरी सुरुवातीला मऊ आणि शेवटी कडक होत जाणारी. दुसरी त्याने बोटांनी दाबून बघितली आणि म्हणाला, "ही तर मेलेलीच आहे." टाकली वर्कशॉपच्या ड्रॉवरमध्ये.

मित्रांनो, त्या दिवशी मी जेवढा ओरडलो असेन तेवढा आयुष्यात ओरडलो नाही. पण आमच्या ओरडण्याला माणसं 'आवाज येतोय' म्हणतात आणि तेल सोडतात.

शनिवारी शिफ्ट संपल्यावर त्याने मला वर्कशॉपमधल्या मोटरवर चढवलं. त्याचे मॅनेजर चंद्रशेखर सर मूळचे दादरचे, आता सिंगापूरचेच कायमचे रहिवासी. माणूस प्रेमळ, पण नियमाचा पक्का.

"जाळी, रुचिर. आधी जाळी."

"सर, दोन मिनिटांचं काम आहे."

"बोट तुटायला तेवढीही लागत नाहीत. जाळी."

लोखंडी जाळीचा पिंजरा माझ्यावर आला. मोटर फिरली, वेग चढत गेला, कडक स्प्रिंगने मला अडवून धरलं, धरलं, आणि मग मी बेल्टवर असा तुटून पडलो की टेबल हाललं.

"वा! काय उचल आहे!" सर टाळी देत म्हणाले. "माझी जुनी स्कूटर आठवली रे."

"सर, कात्रजच्या घाटात आम्ही तिघं बसून जायचो. मी, निशी आणि निशीचा मामेभाऊ. मामेभाऊ म्हणजे एकटाच दीड माणूस. मी क्लच असाच कडक केला आणि स्कूटर हरणासारखी वर गेली."

"पुणेकरांना घाटाचं फार कौतुक."

"मुंबईकरांना चढच माहीत नाही, सर."

दोघं हसले. मी जाळीतून बघत होतो. माझी एवढी स्तुती स्कीच्या मैदानानंतर पहिल्यांदाच होत होती, आणि मला ती नको होती. कात्रजचा घाट म्हणजे डांबर. डांबर खालून धरून ठेवतं. मऊ बर्फ धरत नाही. तिथे झटका दिला की तुम्ही स्वतःचा खड्डा स्वतःच खणता. पण हे त्याला सांगणार कोण? त्याने बर्फ पाहिलाच नव्हता.

आता हेही सांगायला हवं की तो स्वतः खोऱ्यात यायला निघाला होता. क्लच बसवतो, चालवून बघतो, मगच परत येतो, म्हणाला होता. पण सिंगापुरात काम करायच्या त्याच्या पासचं रिन्यूअल अडकलं. कंपनीने सांगितलं, ते होईपर्यंत कुठे जाऊ नकोस. मी कपाटात, तो खोलीत. संध्याकाळी तो खिडकीत उभा राहून गाड्या बघत राहायचा. तेव्हा मला त्याचा राग येत नसे.

शेवटी ठरलं की वल्लरीनेच मला न्यायचं. रस्ता बंद व्हायच्या आत तिला भावाकडे एक चक्कर मारायची होती. रविवारी संध्याकाळचं विमान. सकाळी ती ईस्ट कोस्टला समुद्रकिनारी सायकल चालवायला येते, तिथेच रुचिर मला द्यायला गेला. वाळूवर बसून त्याने बॅगेची चेन उघडली.

"बघ. तुझ्या दादाचा क्लच. आता बुडणार नाही."

वल्लरीने मला उचलून बघितलं. "बाप रे! चॉकलेटं राहिली, कॉफी राहिली, सगळं वजन तुझ्या लोखंडात जाणार."

"लोखंड नाही, ॲल्युमिनियम."

"उचलताना लोखंडच वाटतं." मग तिने मला परत बॅगेत ठेवलं. "रुचिर, नक्की झालंय ना रे? दादा त्या बाईबद्दल अजून बोलतो. म्हणतो, पुढच्या वेळी खाटेला पुरतील एवढी माणसं गावात नसली तर?"

"झालंय गं. चंद्रशेखर सरांनी टाळी दिली."

"सरांनी बर्फ पाहिलाय?"

"नाही."

"आणि तू?"

"आइस कचांगमध्ये." म्हणजे तिथल्या बर्फाच्या गोळ्यात.

ती हसली, सायकलवर बसली आणि परत रस्त्याकडे निघाली. पण मध्ये कोरडी, भुसभुशीत वाळू होती. चाक रुतलं. रुचिर मागून ओरडला, "उभी राहून जोर लाव! एकदम!"

तिने लावला. मागचं चाक जागच्या जागी फिरलं आणि आणखी खाली गेलं.

"हं, आता तू कर, पिकअपवाले."

रुचिर बसला. दात-ओठ खाऊन पहिल्याच पायडलला सगळं वजन टाकलं. चाकाने वाळूचा फवारा उडवला आणि सायकल कलंडली. तो खाली, सायकल वर. वल्लरी पोट धरून हसत होती.

"ऊठ. इकडे आण ती. मी इथे दर रविवारी रुतते." तिने सायकल उचलून जरा बाजूला ठेवली, मागे सरकून बसली आणि पायडल इतकं हळू दाबलं की चाक फिरतंय की नाही कळेना. चाक फिरलं. वाळू दबली, उडाली नाही. मग तिने थोडा जोर वाढवला, मग आणखी. सायकल तरंगत गेल्यासारखी रस्त्यावर पोचली.

रुचिर तिथेच वाळूत बसून राहिला. तिच्या चाकाने उमटवलेल्या सपाट रेघेकडे बघितलं, स्वतःच्या खड्ड्याकडे बघितलं, मग हळूच माझ्याकडे.

"वल्लरी," तो म्हणाला, "चुकलंय."

"काय चुकलंय?"

"सगळं. म्हणजे एकच, पण सगळं तेच आहे. गाडी ओढत नव्हती असं नाही, गाडी उकरत होती. मी तिला आणखी जोरात उकरायला शिकवलंय."

"रुचिर, संध्याकाळी माझं विमान आहे."

"ती दुसरी स्प्रिंग तुआसला आहे."

"तुआस त्या टोकाला आहे आणि आपण या टोकाला! आज रविवार. वर्कशॉप बंद."

त्याने चंद्रशेखर सरांना फोन लावला. सर टेक्का मार्केटमध्ये पापलेट घेत होते. आधी म्हणाले, सोमवारी बघू. मग म्हणाले, एवढी मस्त उचल आहे, काय बिघडलंय? रुचिरने टाळाटाळ केली नाही. "सर, आपण दोघांनीही ती मनातल्या मनात घाटात चालवून बघितली. बर्फात नाही." सरांनी मासेवाल्याला पापलेट लवकर बांधायला सांगितलं. मग सर म्हणाले, "येतो. पण मासे घेऊन येतोय. पॅन्ट्रीच्या फ्रीजला वास लागला तर तू धुवायचा."

तुआसला पोचेपर्यंत दुपार झाली. ड्रॉवरमधून ती 'मेलेली' स्प्रिंग निघाली. माझ्या तबकड्या सुटल्या, कडक स्प्रिंग बाहेर आली, मऊ आत गेली. पुन्हा मोटर. पुन्हा, अर्थातच, जाळी.

या वेळी मी बेल्ट असा धरला की कुणाला कळलंच नाही. झटका नाही, आवाज नाही. टेबल शांत.

सरांचा चेहरा पडला. "हे काय रे? म्हातारा झाला की हा."

वल्लरी जाळीजवळ आली. "रुचिर, मला खरं सांग. खात्री आहे?"

"नाही," रुचिर म्हणाला. "मी बर्फ पाहिलेला नाही. वाळू पाहिलीय, तीही आज सकाळी."

"मग दोन्ही स्प्रिंगा दे ना. दादा बघेल लावून."

"तो माझ्याच स्कूटरवर वाढलाय. दोन्ही दिल्या तर तो कडकच लावणार. अंगणात चालवून बघेल, झटका बसला की म्हणेल वा, आणि पेशंटला घेऊन निघेल. मला माहितेय ना तो." त्याने कडक स्प्रिंग खिशात घातली. "ही इथेच राहील. चुकलो तर एकटा मी चुकेन."

मित्रांनो, मी त्या पिंजऱ्यात होतो आणि मला एकच शब्द बोलायचा होता. बरोबर. 'बरोबर आहेस' एवढंच. तो दिवसभर कुणाच्या तरी तोंडून ते ऐकायची वाट बघत होता. सर बोलले नाहीत, कारण त्यांना पटलं नव्हतं. वल्लरी बोलली नाही, कारण तिला भीती वाटत होती. आणि मी बोलू शकत नव्हतो.

तिने मला पुन्हा साडीत गुंडाळलं. रुचिर विमानतळावर सोडायला आला. त्याला आत येता येत नव्हतं. बॅग फिरत्या पट्ट्यावरून गेली, अंधार झाला.

खोऱ्यात पोचलो तेव्हा जमिनीवर नुसता पातळ कडक बर्फ होता. वल्लरी भावाला भेटून लगेच परतली आणि मागे रस्ता बंद झाला. निशिकांतने मला बसवलं, अंगणात गाडी चालवली आणि झटका बसला नाही म्हणून तोंड वाकडं केलं. फोन लावला.

"रुच्या, काय करून ठेवलंस हे? गाडी निघताना झोपेतून उठल्यासारखी निघते. तुझा हात गेला वाटतं तिकडे पंप फिरवून."

"निशी, तिला हात लावू नकोस. मऊ बर्फ पडेपर्यंत थांब. माझी शपथ आहे."

"आणि बुडली तर?"

"तर माझ्यामुळे बुडाली असं सगळ्यांना सांग," रुचिर म्हणाला.

बर्फ पडला. पिठासारखा, कंबरभर. आणि तो थांबतो न थांबतो तोच वरच्या वस्तीतल्या एका आजोबांच्या छातीत कळ आली. निशिकांतने त्यांना घसरगाडीवर बांधलं, वर घोंगड्या टाकल्या. गावातले लोक बोलावल्याशिवायच फावडी आणि दोर घेऊन मागे उभे राहिले. त्यांना अनुभव होता. तो मागच्या वर्षीचा घाम पुसणारा माणूस रिकामी खाटही घेऊन आला होता.

चढाचा पायथा. तीच जागा. निशिकांतने अंगठा हँडलवरच्या थ्रॉटलवर, वेग वाढवायच्या खटक्यावर, ठेवला. त्याने दाबलं. मी बेल्टला हात लावला. हातच लावला म्हणा, धरला नाही. पट्टा एक बोट सरकला. बर्फ खाली दबला. उडाला नाही. मग मी थोडं धरलं. मग आणखी. स्प्रिंग आता कडक होत गेली, वजनं हलकी म्हणून इंजिन दमलं नाही. माझ्याखाली एवढा मोठा खोल मऊपणा होता आणि आम्ही त्याच्या पृष्ठभागावरून जात होतो, सावकाश, न थांबता.

अर्ध्या चढावर मागून हाक आली, "अरे डॉक्टरसाब, रुको तो! हम बर्फ में धँस गए!"

निशिकांत थांबला नाही. थांबायचं नसतं. तो मोठमोठ्याने हसत होता आणि बहुतेक रडतही होता. हेलिकॉप्टर आलं, आजोबांना शहरातल्या हॉस्पिटलात घेऊन गेलं, आणि पुढच्या आठवड्यात त्यांचा निरोप आला की जेवण फिकं आहे, लवकर घरी न्या.

ही माझी गोष्ट. आता पुन्हा झाकणाखाली आहे. वर पत्रा, बाजूला भिंत, बाहेर सगळं खोरं बर्फाने कुलूपबंद. पेशंट नसला की अंधारच असतो. तुमच्या घरी एखादं यंत्र असंच कोपऱ्यात पडून असेल, तर मधूनमधून त्याची धूळ पुसा, बेल्ट कोरडा आहे का बघा, ओल लागू देऊ नका. आणि ते चालेनासं झालं तर जोर वाढवायच्या आधी खाली वाकून बघा, त्याच्या पायाखाली काय आहे. डांबर आहे, वाळू आहे की बर्फ. आम्हाला सांगता येत नाही. तुम्हाला बघता येतं.

रुचिरचं रिन्यूअल अजून झालेलं नाही. निशिकांत त्याला चढावरचा व्हिडिओ पाठवतो, तो पुन्हा पुन्हा बघतो आणि विचारतो, "निशी, पायाखाली कसं लागतं रे ते?" निशिकांतला सांगता येत नाही.

म्हणून रुचिर, मित्रा, हे तुझ्यासाठी. तू ये. कधीही ये. या गाडीवर बस, मऊ बर्फाच्या काठावर उभा राहा आणि अंगठा दाब. मी तुला शब्द देतो, तुला झटका बसणार नाही. आपण कधी निघालो हे तुला कळणारसुद्धा नाही.